ह्यांचा डबा 'देअर टिफिन' का नाही? इंग्रजीतलं माय, हिज, देअर, माइन बायकांना कसं शिकवू

कात्रज_संध्याकाळवर्ग

नमस्कार मंडळी. कात्रजला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते, फी वगैरे काही नाही, ज्यांना जमेल त्या येतात. कुणी हॉस्पिटलच्या रिसेप्शनला आहे, एक जण पोळीभाजीचे डबे करते, काही जणी हिंजवडीत हाऊसकीपिंगला जातात आणि तिथे सुपरवायझर सगळं इंग्रजीत लिहून मागतो. बहुतेकींचं शिक्षण मराठी माध्यमात आणि इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं त्याच्या आधीच्या. काळ, प्रश्न विचारणं, फोनवर बोलणं हे आता बऱ्यापैकी बसलंय, पण माझं-तुझं-त्याचं-त्यांचं इथे गाडी सारखी अडकतेय आणि मला कारण नीट सांगता येत नाहीये म्हणून इथे विचारतेय.

परवा डबेवाल्या ताई म्हणाल्या, 'माय हसबंड फर्गॉट देअर टिफिन'. मी म्हटलं देअर नाही, हिज. तर त्या गप्पच झाल्या आणि मग हळूच म्हणाल्या, मॅडम पण ह्यांना अरेतुरे कसं करू, हिज म्हणजे त्याचा ना? त्यांना खरंच अवघड वाटत होतं. सरांबद्दलही तेच, 'सर इज इन देअर केबिन'. सासूबाईंचं औषध 'देअर मेडिसिन'.

दुसरं म्हणजे काही वेळा माय-हिज गायबच होतं. 'आय हॅव टू पिक अप सन', 'आय वॉश्ड हँड्स अँड केम'. आणि ज्या दोघीतिघी घरी हिंदी बोलतात त्या तर बाईबद्दल बोलतानाही 'हिज हसबंड' म्हणून जातात, ते मराठी बोलणाऱ्या कधीच म्हणत नाहीत. हे असं का होतं आणि शिकवताना कुठून सुरुवात करू? पाठांतराचा तक्ता देऊन झालाय, तक्ता येतो पण बोलताना येत नाही.

---

पेठेतले_मास्तर

ताई, वर्ग घेताय हे वाचूनच बरं वाटलं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, आता निवृत्त आहे, तुम्ही लिहिलेली प्रत्येक चूक माझ्या ओळखीची आहे आणि त्यातली एकही आळसाची किंवा बेफिकिरीची नाही, सगळ्या मराठीच्या शहाणपणातून आलेल्या आहेत. हे आधी त्यांना सांगा.

मराठीतलं 'त्याची' घ्या. त्यातला 'त्या' सांगतो मालक पुरुष आहे आणि 'ची' सांगते वस्तू स्त्रीलिंगी आहे. त्याची वही, त्याचा डबा, त्याचं घर, त्याचे कपडे, आणि पुढे विभक्ती आली की त्याच्या घरात. एका शब्दात दोन बातम्या. इंग्रजीत दुसरी बातमी नाहीच, हिज बुक, हिज हाऊस, हिज मदर, हिज शूज, सगळीकडे हिज. म्हणजे इंग्रजीत फक्त मालकाकडे बघायचं, वस्तूकडे अजिबात नाही. मालक बाई असेल तर हर, मग पुढे नवरा येऊ दे नाहीतर बाप येऊ दे, हर हसबंड, हर फादर.

तुमच्या हिंदी बोलणाऱ्या बायका तिथेच अडकतात कारण हिंदीतलं 'उसका' मालक बाई का पुरुष ते सांगतच नाही, फक्त वस्तू सांगतं. उसका पति म्हटलं की 'का' कानाला पुरुषी लागतो आणि तोंडातून हिज निघतं. मराठीत तिचा नवरा असल्यामुळे आपल्या बायकांना ती अडचण येत नाही. त्या दोघींना वेगळा सराव द्या, बाईचा फोटो दाखवायचा आणि तिच्या घरातली सगळी पुरुष माणसं तिच्यापासून सांगायला लावायची, हर ब्रदर, हर सन, हर फादर-इन-लॉ.

आता ह्यांचा डबा. मराठीत आदर हा अनेकवचनात असतो, सर आले, ते म्हणाले, त्यांची केबिन. इंग्रजीत एकट्या माणसाला आदर म्हणून अनेकवचन लावायची पद्धत नाही. पंतप्रधान असले, शाळेचे हेडमास्तर असले, सासरे असले तरी 'ही' (he) आणि 'हिज'. तिथे आदर सर, मिस्टर, प्लीज, वुड यू अशा शब्दांतून आणि बोलण्याच्या रीतीतून जातो. तेव्हा ताईंना सांगा की हिज हा 'त्याचा' नाही, तो 'त्याचा' आणि 'ह्यांचा' दोन्ही आहे, इंग्रजीने त्या दोघांत फरकच ठेवलेला नाही त्यामुळे अरेतुरे झालंच नाही. उलट 'माय हसबंड फर्गॉट देअर टिफिन' म्हटलं तर ऐकणारा विचारेल, देअर म्हणजे कोणाचा, मुलांचा का? यू चंही असंच आहे, इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळे यू, आणि ते बोलताना आपल्याला कधीच संकोच वाटत नाही. हा दाखला दिला की पटतं, माझ्या वर्गात हमखास पटायचं.

---

जर्मन_बी२_औंध

मास्तरांनी लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले आणि तिथे हा भाग मराठी मुलांना चटकन समजतो, कारण जर्मन अगदी आपल्यासारखं आहे. झाइन फाटर, झाइन-अ मुटर म्हणजे त्याचे वडील, त्याची आई, आणि ईर फाटर, ईर-अ मुटर म्हणजे तिचे वडील, तिची आई. पुढचा भाग मालकाचा, शेपूट वस्तूची. फ्रेंच मात्र हिंदीच्या बाजूला, सा मेर म्हणजे त्याची आई पण आणि तिची आई पण, सा हे आई स्त्रीलिंगी म्हणून. त्यामुळे ताई, तुमच्या बायकांना सांगा की इंग्रजी अवघड नाहीये, तुम्ही अवघडवालं आधीच बोलता.

---

बाणेर_सपोर्ट_लीड

मास्तर, बाकी सगळं मान्य पण देअर बद्दल थोडं थांबा. आमच्या ऑफिसात रोज 'द कस्टमर फर्गॉट देअर पासवर्ड' लिहितात आणि ते बरोबर आहे. कस्टमर एकच आहे, फक्त तो बाई का पुरुष ते माहीत नाही किंवा सांगायची गरज नाही. 'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर आयडी' पण तसंच. ही काही आजची टूम नाही, इंग्रजीत एकवचनी दे-देअर चौदाव्या शतकापासून सापडतं, नंतर अठराव्या शतकात व्याकरणवाल्यांनी हिजच पाहिजे असं सुरू केलं आणि आपल्या शाळांत तेच आलं. संशोधनाचे पेपर कसे लिहायचे याचे एपीएचे नियम असतात, त्यांच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीत तर दे वापरा असं सरळ सांगितलंय. आणि एखाद्या माणसाने स्वतः सांगितलं की मला दे म्हणा तर तेही पाळायचं.

म्हणून हाऊसकीपिंगच्या ताईंना देअर चूक असं सरसकट सांगू नका. 'समवन लेफ्ट देअर बॉटल इन द मीटिंग रूम' हे त्यांना रोज लागणारं वाक्य आहे आणि तिथे देअरच हवं. ओळखीचा माणूस असेल, सर, नवरा, सासूबाई, तर हिज किंवा हर. कोण ते माहीत नसेल तर देअर.

अजून एक, जे माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ घालतं ते म्हणजे अवर. आपल्याकडे आमचा आणि आपला हे दोन वेगळे, ऐकणाऱ्याला धरून की सोडून ते लगेच कळतं. इंग्रजीत दोन्हीला अवर. टीममधली मुलं क्लायंटला मेल लिहितात 'अवर सर्व्हर इज डाऊन' आणि क्लायंट घाबरून फोन करतो की आमचा का तुमचा? लिहिणाऱ्याच्या डोक्यात आमचा असतं पण कागदावर ते उतरतच नाही. मी टीमला सांगून ठेवलंय की बाहेर जाणाऱ्या मेलमध्ये कोणाचा ते नावानिशी लिहा, 'द सर्व्हर इन अवर पुणे ऑफिस' किंवा 'युअर टेस्ट सर्व्हर'. दोन शब्द वाढले तर वाढू दे.

---

पेठेतले_मास्तर

बरोबर आहे, बाटलीचं उदाहरण उत्तम. मी ओळखीच्या माणसाबद्दल बोलत होतो, तुमची वाटणी जास्त नीट आहे आणि शिकवायलाही सोपी. परीक्षेत जुन्या पद्धतीने एव्हरीवन बरोबर हिज शिकवलेली पुष्कळ मंडळी अजून आहेत, ती देअर खोडतील, पण बोलण्यात आणि ऑफिसात देअरच चालतं.

ताईंचा दुसरा प्रश्न राहिलाय, माय गायब होण्याचा. मराठीत मालक उघड असला की आपण तो बोलतच नाही. मुलाला शाळेतून आणायचंय, हात धुवून आले, नवरा कामावर गेलाय, डोकं दुखतंय. कोणाचं डोकं असं कोणी विचारत नाही. तिथे मुद्दाम 'मी माझे हात धुतले' म्हटलं तर मराठीला विचित्र लागतं. इंग्रजीत उलटं आहे, मोजता येणारं एकवचनी नाम एकटं उघडं ठेवत नाहीत, त्याच्या आधी अ, द, माय, दिस असं काहीतरी लागतंच, आणि शरीराचे अवयव आणि घरची माणसं असली की बहुतेक वेळा ती जागा माय-हिज-हर ने भरतात. आय वॉश्ड माय हँड्स, शी ब्रोक हर आर्म, आय हॅव टू पिक अप माय सन. हे नियम म्हणून शिकवू नका, सकाळचा दिनक्रम सांगायला लावा, दात, केस, तोंड, चपला, डबा, मुलगी, सगळं त्यात येतं आणि दर वाक्यात माय म्हणावं लागतं. आठवडाभरात जीभ वळते.

एक अपवाद त्यांच्या कानावर पडेल, 'द बॉल हिट हिम ऑन द हेड'. तिथे मालक हिम मध्ये येऊन गेलाय म्हणून हेडला द. पण हे आत्ता शिकवायची गरज नाही.

---

कात्रज_संध्याकाळवर्ग

किती छान समजावलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. आज वर्गात यू चं उदाहरण दिलं. डबेवाल्या ताई लगेच म्हणाल्या, हां मग सासूबाईंना पण यूच म्हणतात का, आणि मग स्वतःच 'माय मदर-इन-लॉ टेक्स हर मेडिसिन आफ्टर लंच' असं पूर्ण वाक्य बोलल्या. मला फार आनंद झाला.

आता पुढचं. 'माझी एक मैत्रीण धनकवडीत राहते' याचं सगळ्या जणी 'माय वन फ्रेंड लिव्ह्ज इन धनकवडी' करतात. ऐकायला चुकीचं वाटतं पण का ते सांगता येईना. तसंच 'हे माझं पुस्तक' याचं 'दिस माय बुक'. आणि 'आपला' चं काय करू, तो तर दर वेळी वेगळाच निघतो.

---

मुद्रितशोधन_नारायणपेठ

माय वन फ्रेंड मी सांगतो, प्रुफं तपासताना हे इतकं भेटतं. व्याकरण मोडत नाही, अर्थ बदलतो. माय टू डॉटर्स म्हटलं की ऐकणारा समजतो हिला मुली दोनच. तसं माय वन फ्रेंड म्हटलं की समजतो हिला मैत्रीणच एक आहे. मराठीतला 'एक' इथे मोजायला आलेला नाही, 'कोणी एक' अशा अर्थाने आलाय, आणि तो इंग्रजीत अ आहे. पण अ आणि माय शेजारी बसत नाहीत, ती पीएमपी बसमधली एकाच माणसाची सीट आहे, अ बसला तर माय उठणार. उठलेला माय मग मागे जाऊन माइन होतो, अ फ्रेंड ऑफ माइन. दिस माय बुक चं पण हेच. मधे इज घातला तर 'दिस इज माय बुक' म्हणजे पूर्ण वाक्य झालं, आणि 'माझं हे पुस्तक' एवढंच म्हणायचं असेल तर 'दिस बुक ऑफ माइन'. अ फ्रेंड ऑफ मी मात्र नाही, तिथे माइन, युअर्स, हिज, हर्स, अवर्स, देअर्स हेच येतात.

वन ऑफ माय फ्रेंड्स पण चालेल, फक्त फ्रेंड्सचा एस सोडू नका, पुण्यात तो एस सगळे खातात, चांगले शिकलेसवरलेले सुद्धा. माझ्या काही मैत्रिणींपैकी एक, म्हणून अनेकवचन.

लिहिण्यातलं पण सांगून टाकतो कारण सुपरवायझर लिहून मागतो म्हणालात. युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स आणि इट्स यांना अपॉस्ट्रॉफी नाही. अर्जाच्या खाली युअर्स फेथफुली मध्ये एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी टाकलेले अर्ज मी ढिगाने पाहिलेत. लोकांना वाटतं की रमेशचा म्हणजे रमेश अपॉस्ट्रॉफी एस, मग याचा म्हणजे इट अपॉस्ट्रॉफी एस. नामाला लागतो, या सर्वनामांना नाही. हिज लिहिताना कोणी एच-आय-अपॉस्ट्रॉफी-एस करत नाही, इट्स त्याचाच भाऊ. अपॉस्ट्रॉफी असलेला इट्स म्हणजे इट इज नाहीतर इट हॅज, जागेवर उलगडून वाचायचा, 'द मशीन हॅज लॉस्ट इट इज कव्हर' असं वाचलं की लगेच कळतं. हूज चं तसंच, हू इज असेल तर अपॉस्ट्रॉफी, कोणाचा असेल तर डब्ल्यू-एच-ओ-एस-ई.

यात लोकांचा फार दोष नाही, इट्स हा शब्द इंग्रजीतच नवा. जुन्या इंग्रजीत 'हिज' हा तो आणि ते दोघांचाही होता, अगदी आपल्या 'त्याचं' सारखा, तो मुलगा पण त्याचं आणि ते झाड पण त्याचं. इट्स आला सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी. १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या छपाईत इट्स एकदाही नाही. आणि आल्यावर पुढची शेदोनशे वर्षं खुद्द इंग्रज लोक त्यात अपॉस्ट्रॉफी घालत होते. म्हणून ती चूक दिसली की मी खोडतो जरूर पण माणसाला अडाणी समजत नाही.

वस्तूंना हर लावू नका हेही सांगा. बस आणि तिचा ड्रायव्हर, कंपनी आणि तिचं ऑफिस, मराठीत लिंग आहे म्हणून तिचा. इंग्रजीत दोन्हीला इट्स. जहाजाला हर म्हणायची जुनी पद्धत होती पण लंडनच्या लॉइड्स लिस्ट या जहाजांच्या वर्तमानपत्राने सुद्धा २००२ साली ती सोडून इट धरलं. घरच्या कुत्र्याला मात्र हिज-हर खुशाल म्हणा.

---

पेठेतले_मास्तर

'आपला' माझ्याकडे द्या. त्याचे तीन रस्ते आहेत. 'आपलं नाव काय' मधला आपला म्हणजे युअर. 'आपली सोसायटी' मधला म्हणजे अवर. आणि 'तिने आपल्या आईला फोन केला' मधला आपला हा वाक्यातल्या कर्त्याकडे परत जातो, कर्ता बघायचा आणि त्याचा शब्द लावायचा, शी कॉल्ड हर मदर, दे कॉल्ड देअर मदर. तिसऱ्यात लोक हौसेने ओन घालतात, हर ओन मदर, त्याची गरज नसते. मी तर ओन खोडतो.

---

बाणेर_सपोर्ट_लीड

सगळीकडे नका खोडू. 'तिने बहिणीला आपला फोन दिला' आणि 'तिने बहिणीला तिचा फोन दिला' मराठीत हे वेगळं कळतं. इंग्रजीत दोन्ही 'शी गेव्ह हर सिस्टर हर फोन'. फोन कोणाचा? इथे हर ओन फोन म्हटल्याशिवाय मार्ग नाही. इन्सिडंट रिपोर्टमध्ये असं एक हर चुकीच्या माणसाला चिकटलं की नसता मनस्ताप होतो.

---

पेठेतले_मास्तर

दोन बायका किंवा दोन पुरुष एका वाक्यात असतील तिथे ओन ठेवावा, हे मला मान्य. एकटी आई आणि तिचा फोन असेल तर नको.

---

कात्रज_संध्याकाळवर्ग

हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. एक शेवटचं, डबेवाल्या ताईंना व्हिजिटिंग कार्ड आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकायला इंग्रजी मजकूर हवाय. धंदा त्यांचा आणि त्यांच्या जावेचा मिळून आहे. त्यांनी लिहून आणलंय 'माय अँड माय सिस्टर-इन-लॉज टिफिन सर्व्हिस'. हे बरोबर आहे का?

---

मुद्रितशोधन_नारायणपेठ

असं नका लिहू, माय आधी आणि जाऊ नंतर हे इंग्रजीत अडखळतं. 'माइन अँड माय सिस्टर-इन-लॉज' बोलताना लोक म्हणतात पण छापायला नको. नेमकं लिहायचं तर 'माय सिस्टर-इन-लॉज अँड माय टिफिन सर्व्हिस', दुसरं माणूस आधी, त्याला अपॉस्ट्रॉफी एस, मग माय, पण तेही कार्डावर जड होतं. पझेसिव्हच टाळा. 'माय सिस्टर-इन-लॉ अँड आय रन अ टिफिन सर्व्हिस इन कात्रज', आणि पुढच्या ओळीपासून सरळ अवर, 'अवर पोळीज आर मेड फ्रेश एव्हरी मॉर्निंग'. कार्ड छापायला टाकायच्या आधी मजकूर इथे टाका, मी बघून देतो.